साहेबांचे आभार मी मानले

मैत्रिणींनो, आज आमच्या गल्लीत नगरसेवकांनी पर्यावरण आणि लोकसेवेवर भाषण केलं. त्याच भाषणाच्या मांडवासाठी सकाळी त्यांच्या माणसांनी कडुलिंब तोडला. शेजारच्या कमलमावशींनी दोन उन्हाळे पाणी घालून तो जगवला होता.

"रडायलाय कशाला मावशी? नवीन लावू की!" साहेब हसले.

आभार मानायचं काम नेहमी माझ्याकडं असतं. मी माइक घेतला. "मावशींचं झाड तोडून मांडव घातल्याबद्दल साहेबांचे आभार. उद्यापासून ते इथं नवीन रोप लावून रोज स्वतः पाणी घालणार आहेत!"

टाळ्या थांबेनात. साहेबांचा चेहरा उतरला.

मावशी कानाशी कुजबुजल्या, "आजून जरा बोलायचं व्हतंस."

एवढा कडवटपणा माझ्यात होता, हे मलाही नवीनच. पण पश्चात्ताप नाही. उद्या सकाळी आम्ही दोघी खुर्च्या टाकून साहेबांची वाट बघणार आहोत. कोण कोण येतंय?