पाण्यात पडलेली काजळी

राज्य नवं होतं आणि बाबांचा तोरा त्याहून नवा. भोपाळहून रायपूरला आलेले बाबा पर्यावरण खात्यात अधिकारी होते. घटनेनं कुठला विषय राज्याला दिलाय आणि कुठला दिल्लीला, हे त्यांना तोंडपाठ होतं. आलेल्या माणसाला दारातून वाटेला लावायला ते पाठांतर फार कामी यायचं.

शेजारच्या मावशी अमरावतीकडच्या. नवरा रेल्वेच्या ठेकेदाराकडे होता. तो गेला, पेन्शनही नाही. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालून त्या गोल बाजारात विकायच्या, त्यावर पोरीची शाळा चाले. त्या वर्षी शहराबाहेर लोखंडाच्या भट्ट्या वाढल्या आणि वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळी बसू लागली. काळी कुरडई कोण घेणार?

"भाऊजी, तुमचंच खातं हाय न," मावशी म्हणाल्या. "त्या भट्टीवाल्याले थांबवा. माह्या पोट्टीची शाळा सुटून राहिली."

बाबांनी आधी चहा संपवला. "वहिनी, हवेचा कायदा दिल्लीचा. पाणी राज्याचं. हीच घाण पाण्यात पडली असती तर मी बघितलं असतं."

मावशींना ते खरं वाटलं. गहू भिजवायचा गंज, ते मोठं पातेलं, त्यांनी पाणी भरून गच्चीवर उघडा ठेवला. काजळीचा थर धरलेला तो गंज कमरेवर घेऊन त्या आमच्या दारात आल्या.

"घ्या भाऊजी. आता पाण्यात पडली."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "ओटीवर सांडलंय तेवढं पुसून जा." ऑफिसात हा किस्सा त्यांनी महिनाभर पुरवला.

मी वकिली शिकलो तेव्हा कळलं, कायदा दिल्लीचा खरा, पण भट्टी बंद करायचा अधिकार राज्याच्या मंडळाकडेच होता. बाबांना तेव्हाही ते ठाऊक होतं. मी विचारलं तर म्हणाले, "नवं राज्य. कारखानदार रुसले असते तर?" मला त्यांची शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

मावशी मात्र काजळीच्या त्या वर्षानंतर पुढच्याच उन्हाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकाला लागल्या होत्या. पोरगी धुण्याभांड्याला. बाबांनी नागपूरहून कुरडया मागवल्या होत्या. मावशींनी त्या तळून ताटात वाढल्या.

"काय पांढऱ्याशुभ्र आहेत," बाबा म्हणाले. "वहिनी, तुम्हीही घालायच्या ना? का सोडलं?"

मावशींनी कुरडयांची परात पुढे आणली.

"अजून एक वाढू काय, भाऊजी?"

बाबांनी ताट पुढे केलं.