लिमात आपलं कोण आहे?

मी अमेरिकेला निघाले तेव्हा अकोला स्टेशनवर बाबांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. फलाटावर अर्धी गल्ली जमली होती, माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता आणि खिडकीचे गज धरून बाबा बाहेर उभे होते.

"म्हण," ते म्हणाले.

मी पाढे म्हणावेत तसं म्हटलं, "दादरला कुसुममावशी. विमानतळावर सोडायला तिचे दीर. डेट्रॉइटला उतरले की नेनेकाका. म्हणजे कुसुममावशीच्या शेजारणीचे मामेभाऊ."

"आणि मध्ये विमान बदलायचं तिथं?"

"तिथं कोणी नाही, बाबा."

त्यांचा चेहरा पडला. अख्ख्या युरोपात आपलं कोणी नाही, हा जणू त्यांचाच नाकर्तेपणा. मग ते सावरले. "हरकत नाही. नांदुऱ्याला एसटी बंद पडली तेव्हा तुझ्या आईला नव्हती का भेटली मावशी? देवासारखी! परक्या गावात माणूस बघून उतरावं, जागा बघून नाही."

नांदुऱ्याची मावशी हा आमच्या घरातला शेवटचा पुरावा होता. मी जन्मण्याआधी आई एकदा माहेराहून एकटी येत होती, बस बंद पडली आणि कुठल्याशा दूरच्या मावशीनं तिला रात्रभर ठेवून घेतलं. बाबांनी ही गोष्ट लग्नांत, बारशांत, एकदा तर तेराव्यालाही सांगितली होती. आई पदरानं नाक पुसत खाली बघत होती. मला वाटलं, रडतेय.

गाडी नांदुऱ्याला थांबत नव्हती. तरी स्टेशन मागे पडताना मी हात जोडले.

हे सगळं, अकोल्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे चिवड्याचे डबे घेऊन इकडे आलेल्यांनो, तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की मी जळते आहे. चांगली धूर निघेपर्यंत. आणि तेही पोटच्या पोरीवर.

आधी नेनेकाकांचं सांगते, नाहीतर मला कृतघ्न म्हणाल. डेट्रॉइटजवळ ॲन आर्बरला मी शिकायला आले, तिथल्या पहिल्या हिवाळ्यात नेनेकाकूंनी स्वतःच्या अंगातला कोट काढून माझ्या अंगात घातला. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी झोपले, त्यांच्या हातचं वरण खाल्लं. मग एका रविवारी लायब्ररी सोडून मी एका पंजाबी मुलाबरोबर सिनेमाला गेले. काकूंनी दादरला सांगितलं, दादरनं अकोल्याला, आणि पुढच्या फोनवर बाबा बोलण्याआधी बराच वेळ नुसतेच खोकले. मला झेलायला जी साखळी उभी केली होती, ती उलटीही तितकीच छान चालत होती.

आता बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत आमचंच घर कुणाचं तरी नेनेकाकांचं घर झालंय. शेजारच्या वूस्टरला शिकायला आलेलं कुणाचं तरी भाचरू बॅगा घेऊन दारात उभं राहतं. "काकू, फक्त अपार्टमेंट मिळेपर्यंत." मी वरण करते, कोट देते आणि ते कुणाबरोबर फिरतं यावर बारीक लक्षही ठेवते. वारसा चालवायला नको?

तर यंदा आमची जुई कॉलेज संपवून, नोकरी सुरू व्हायच्या आधी, एकटी पेरूला निघाली. लिमा शहरात, होस्टेलमध्ये राहणार. होस्टेल म्हणजे आपलं मुलींचं वसतिगृह नव्हे. एका खोलीत सहा पलंग, एकावर एक, आणि प्रत्येकावर वेगळ्या देशातलं अनोळखी माणूस.

माझ्या तोंडून थेट बाबांच्या आवाजात प्रश्न निघाला, "तिथं आपलं कोण आहे?"

"नोबडी," जुई म्हणाली. "दॅट्स द पॉइंट, आई. पण होस्टेल निवडायला हेल्प कर ना. तू मिक्सरचे रिव्ह्यूज तीन आठवडे वाचतेस."

कौतुक केलं की मी फसते. स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून आम्ही बसलो. समुद्राकाठच्या कड्याजवळचं, मिराफ्लोरेस भागातलं होस्टेल देखणं होतं, पण गच्चीवर बार. "पहाटेपर्यंत भिंती नाचतात," असं एकीनं लिहिलं होतं. जुन्या शहरातलं सगळ्यात स्वस्त, पण गरम पाण्याबद्दल सगळे जण संशयास्पद मौन पाळून होते. बारांको भागातलं मात्र जुनं घर, मागे अंगण, वापरायला स्वयंपाकघर, फक्त बायकांची खोली, प्रत्येक पलंगाला पडदा, दिवा आणि बॅग मावेल एवढा लॉकर.

"मिराफ्लोरेस फन वाटतंय," जुई म्हणाली.

"बारांको. आणि खालचा पलंग घे."

"आई, तुला रिव्ह्यूज इतके पाठ कसे?"

पाठ होते खरे. ती झोपली, बाहेर गेली, की मी वाचत बसायची. एका डच मुलीनं लिहिलं होतं, तीन दिवसांसाठी आले आणि महिना राहिले. का राहिली? कुणी विचारलं नसेल म्हणून! तिच्या त्या एका ओळीनं माझ्या पोटात जे दुखलं, ते ओव्यानं थांबलं नाही. माझा नवरा सुहास एकदा मागून डोकावला आणि म्हणाला, "जायचंय कुणाला, तिला की तुला?"

मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "लिमात आपलं कोणी?" जेवणं व्हायच्या आत उत्तर आलं. न्यू जर्सीतल्या एकांची मेहुणी, खरेबाई. नवरा खाणीत इंजिनियर, घर मिराफ्लोरेसमध्ये, वेगळी खोली. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "पाठवा हो, पुरणपोळी करते."

विजयी मुद्रेनं मी जुईला हे जाहीर केलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप मिटला.

"मग मी जात नाही."

"अगं, नुसती झोपायला—"

"आई, इथे कुठेही गेलं की मी शुभाताईंची मुलगी असते. काकूंना काय खाल्लं ते सांगायचं, काकांना जीपीए. मला एकदाच दारातून आत जाऊन म्हणायचंय, 'जुई.' आणि काउंटरवरच्यानं म्हणायचं, 'ओके, बेड फोर.' इतकंच, यार!"

बेड फोर. मी पन्नाशीला आले, दोन देशांत राहिले, पण असं काही मला कधी कुणी म्हटलेलं नाही. मी नेहमी कुणाची तरी कोणीतरी म्हणूनच दारात उभी राहिले आणि लोकांनी प्रेमानं आत घेतलं. पोरगी मागत होती ती चैन मला मागायचंसुद्धा सुचलं नव्हतं. तिला ती देणं माझ्या हातात होतं, आणि खरं सांगते, क्षणभर द्यावीशी वाटली नाही. मला मिळालं नाही ते तिला का?

मग मी खरेबाईंना फोन लावला आणि पोरगी येणार नाही म्हणून सांगितलं. त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा नंबर तेवढा तिच्याजवळ राहू द्या. नाही केला फोन, तर मजेत आहे असं समजेन."

आता उरली अकोल्याची आई. बाबा जाऊन काही वर्षं झाली, आई ऐंशीची आहे, आणि नात कुणाकडे उतरणार हे तिला सांगणं भाग होतं.

"कुणाकडेच नाही," मी एका दमात सांगून टाकलं. पलंग, अनोळखी बायका, सगळं. आता बाबांच्या वतीनं बोलणी बसणार म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"पलंगाला पडदा असतो का वं?"

"असतो."

"आणि सकाळचा चहा?"

"तेच देतात."

"म्हणजे उठून कुणासाठी ठेवायचा नाही." मग ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत. "नांदुऱ्यालाही नव्हता ठेवावा लागला."

"मावशीनं केला असेल ना."

"कसली मावशी! कोणी नव्हतं तिथं आपलं. धर्मशाळा होती. सतरंजीवर आम्ही सात-आठ बायका. कुणी नाव विचारलं नाही, कुणाची सून ते विचारलं नाही. बाई, अशी झोप लागली! घरी येऊन खरं सांगितलं असतं तर तुझ्या बाबांनी पुन्हा एकटं पाठवलं नसतं. म्हणून म्हटलं, मावशी भेटली." ती पुन्हा हसली. "नंतर ते सगळ्यांना सांगत सुटले. मग काय, राहिली मावशी."

म्हणजे ज्या मावशीच्या भरवशावर मी दादर ते डेट्रॉइट पाठ केलं, जिला धावत्या गाडीतून हात जोडले, ती नव्हतीच. आईला ती रात्र मिळाली होती, आता लेकीला मिळणार होती. मधल्या मधे मीच एकटी आपल्या माणसांत वाढून परत आपल्या माणसांत पडलेली! एका बाजूनं जळत होते, आता दोन्ही बाजूंनी पेटले.

बॉस्टनच्या विमानतळावर जुईच्या पाठीवर एकच सॅक होती. मी "म्हण" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, "बेड फोर. लोअर. पडदा निळा आहे." खाली अंगणाचा फोटो. खरेबाईंचा फोन वाजला नाही.

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथं सगळे आपल्याला ओळखतात ती जागा. ते अजूनही खरं आहे, अकोल्यातही आणि श्रूजबरीतही. फक्त त्याला मी आईकडून मिळालेली एक पुरवणी जोडली आहे. घर म्हणजे जिथं परत आल्यावर "कुणाकडे होतीस?" असं कुणीतरी विचारतं, आणि आपण चेहरा गंभीर ठेवून कुणाचं तरी नाव सांगतो.

ऑक्टोबरसाठी मी बारांकोत खालचा पलंग घेतला आहे. परवा नाश्त्याला सुहासला सांगितलं. त्याचा टोस्ट हातातच राहिला.

"एकटी? अगं, तिथं आपलं कोण आहे?"

मी चहाचा घोट घेतला.

"नांदुऱ्याची मावशी."