जिन्यातला लाल कोपरा

महिनाअखेरीस भंडाऱ्यातली खोली सोडायची होती आणि कुत्रीसकट मला कोणी घर देईना. घर मिळालं नाही तर तिला कोंढ्याला बहिणीकडे ठेवावं लागणार होतं, आणि माझ्याशिवाय ती अन्नाला तोंड लावत नाही.

आठवा घरमालक जिन्यातच भेटला. हातात प्लास्टिकची पन्नी धरून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"कुत्री नाही चालत, भाऊ. मले घाण पाहूनच मळमळते."

एवढं बोलून त्याने कोपऱ्यात पिंक टाकली. तिथे कोणी थुंकू नये म्हणून देवाच्या चित्रांच्या फरशा बसवल्या होत्या. त्याने देवाचा मान राखून चार बोटं खाली नेम धरला. खालच्या भिंतीवर जुन्या पिंकांची साय धरली होती. ताजा ओघळ पायरीवरून माझ्या चपलेपर्यंत आला. मी पाय मागे घेतला, पण खोली हवी होती, म्हणून हसलो.

खोली बरेच दिवस रिकामी होती, तेव्हा तोही नरमला. "बरं, या वर. पण तिनं घाण केली तर खोली खाली करा लागन."

मी खालच्या पायरीवर बसलेल्या कुत्रीची साखळी ओढली. तिने कोपरा हुंगला, शिंकली आणि साखळी हिसकावून सरळ रस्त्यावर जाऊन बसली.

"काहून, नाही येत का?"

"तिलेही घाण पाहून मळमळते, भाऊ," मी म्हणालो आणि निघालो.

शेवटी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका म्हातारीने खोली दाखवली. कुत्रीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"कुत्री चालते. तुम्ही खर्रा खाता का?"

स्वच्छ दात दाखवायला मी तिच्यासमोर जबडा वासून उभा राहिलो.