बाज मावते काय?

मोटार दिसली की हे गृहस्थ पुढे जात नसत, मागे जात. रंग, हॉर्न, इंजिन, ज्यावर गिऱ्हाईक भाळतं त्यातलं काहीही बघायचं नाही. मागचं दार उघडायचं, आत वाकायचं आणि वीत टाकत टाकत गाडीचा तळ मोजायचा. मग धोतराचा सोगा सावरून उभं राहायचं आणि विचारायचं, "बाज मावते काय?"

मी तेव्हा अमरावतीत जुन्या मोटारींच्या दुकानात विक्रीचं काम करत होतो. तुम्ही कधी दुकानात उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, गिऱ्हाईक तोंड उघडण्याआधीच आपण त्याला एका खान्यात टाकून मोकळे होतो. ह्यांना मी 'नुसते बघे' ह्या खान्यात टाकलं होतं. दोरीने विणलेली बाज मोटारीत कशाला हवी? मी म्हणालो, "काका, मोटारीत गाद्या असतात. झोप बसल्या बसल्या लागते."

"मले नाई झोपायचं, भाऊ," ते म्हणाले. "मायले न्यायचं हाय."

वलगावच्या पुढे, पक्की सडक सोडून आत त्यांचं गाव होतं. काळी जमीन, कपाशी, ज्वारी, घरात खाणारी बरीच तोंडं. माय म्हणजे आई नव्हे, थोरली बहीण. ती विधवा होऊन माहेरी परत आली तेव्हा हे रांगत होते. आई गेल्यावर तिनेच ह्यांना वाढवलं, पुढे ह्यांच्या मुलांनाही वाढवलं. मग एके दिवशी लकवा आला आणि ती बाजेवर पडली ती पडलीच. डावं अंग गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि घरातल्या बायकांच्या मते आधीपेक्षा दुप्पट चालू लागली.

एकदा तिला बैलबंडीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात आणलं होतं. गावापासून सडकेपर्यंतच्या धक्क्यांनीच तिचा जीव अर्धा झाला. ओठ चावून तिने रक्त काढलं होतं. परत गेल्यावर म्हणाली, "आता मले अठून हालवू नोका." त्यानंतर तिने घराचा उंबरा पाहिला तो आतूनच.

आता ह्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न अकोल्याच्या मुलीशी ठरलं होतं. वरात अकोल्याला जाणार. हा मुलगा मायच्या मांडीवर वाढलेला. मायने एवढंच मागितलं, "त्याच्या डोक्यावर अक्षता टाकू द्या, मंग मले कुठीबी टाका."

त्यांच्या ऐपतीतल्या दोनच गाड्या आमच्याकडे होत्या. एक जीप, लष्करातून निघालेली, ताडपत्रीच्या छताची. दुसरी स्टेशन वॅगन, अकोल्याच्या एका मिल मॅनेजरने विकायला काढलेली. लांबलचक, मऊ स्प्रिंगांची, मागची सीट आडवी केली की आत छोटी खोलीच तयार होई. मुलांना जीप हवी होती. जीपमधून उतरणाऱ्याला तहसीलदारही नमस्कार करतो, हे एक कारण. पण दुसरं कारण खरं होतं आणि ते मीही त्यांना स्पष्ट सांगितलं. "काका, तुमच्या रस्त्याला पावसाळ्यात बैल पोटापर्यंत रुततो. वॅगन वलगावलाच उभी राहील. जीप घरापर्यंत जाईल."

"जाईन ना," ते म्हणाले. "पण बाज मावते काय?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते बंडीवर मायची बाजच घालून घेऊन आले. माय घरी सतरंजीवर, बाज अमरावतीत. जीपमध्ये घातली तर अर्धी बाहेर, हवेत. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, बाजीचे पाय कापून टाकू."

"पाय लांबीत येते काय रे? तुयेच कापतो थांब." चहाच्या टपरीवरची सगळी माणसं बशा हातात घेऊन तमाशा बघायला आली होती, ती खो-खो हसली. मग बाज वॅगनमध्ये सरकवली. ती अशी बसली की मिल मॅनेजरने गाडी तिच्यासाठीच घेतली असावी. गृहस्थांनी बाजेच्या दोरीवरून हात फिरवला, पण सौदा केला नाही. "मायले इचारतो," म्हणाले.

चार दिवसांनी आले. मी विचारलं, काय ठरलं?

"मी सांगतलं मायले, पावसात गाडी घरापोत येनार नाई. बिमार पडली तं डागदरकडे नेता येनार नाई. तं माय म्हणते, पावसात मले कुठी जायाचं हाय?" एवढं बोलून ते वॅगनच्या मागे जाऊन उभे राहिले. मुलं जीपजवळ उभी होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सौदा वॅगनचाच झाला, पण इतक्या अवघडल्या मनाने मोटार घेणारं घर मी पुन्हा पाहिलं नाही.

पहिल्या लांबच्या प्रवासाला गाडीबरोबर दुकानाचा माणूस द्यायची आमची रीत होती, म्हणून लग्नाच्या दिवशी वॅगन चालवायला मी गेलो. वऱ्हाडी ट्रकमध्ये बसले होते, नवरदेव मुंडावळ्या सावरत उभा होता, आणि अंगणात भांडण पेटलं होतं.

आम्ही विती मोजल्या होत्या, बाज आणून पाहिली होती, पण ती बाज रिकामी होती. तिच्यावर माणूस असणार आणि माणसाला डोकं एकीकडे, पाय एकीकडे असतात, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दार एकच, मागचं. डोकं पुढे करून बाज आत सरकवली, तर अकोल्याला उतरवताना आधी पाय बाहेर येणार. पाय पुढे करून माणसाला केव्हा काढतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. लग्नाच्या दारात तसं? आधीच विधवा बाई, असं एक काकू पुटपुटल्याही. आणि उलटी घालावी, तर इथे स्वतःच्या अंगणातून माय पाय पुढे करून निघणार. गृहस्थ मटकन ओट्यावर बसले. एवढा मोजून-मापून घेतलेला निर्णय, आणि तो असा अडकला.

"काहून बसला रे?" बाजेवरून आवाज आला. "पाय पुढं घाल मले. अठी कोन पाहून राह्यलं? आपलंच घर हाय. पोराच्या सासरी डोकं पुढं पायजे."

"माय, अपशकुन..."

"थो मायावर होईन ना? होऊ दे. लवकर उचला, मुहूर्त जाईन."

अशी ती माय पाय पुढे करून आपल्या घरातून निघाली. डोकं मागच्या दाराशी आलं. मी दार लावायला गेलो तर म्हणाली, "उघडं राहू दे." धूळ येईल म्हटलं, तर म्हणाली, धूळ काही नवी नाही. मग उशी काढायला लावून तिने मान पार मागे टाकली आणि उलटा रस्ता पाहू लागली. गृहस्थ तिच्याशेजारी उकिडवे बसले, एक हात तिच्या मानेखाली. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मला मागून एकच आवाज येत होता. "पाह्य, बाभळी कशा खाली डोकं करून पळून राह्यल्या! थे पाह्य, बैल आभायात चालून राह्यले!" आणि तिच्यामागून ह्यांचा, "हो माय. हो." मी आरशात पाहिलं तर हे रडत होते आणि हसत होते.

अकोल्याला डोकं आधी बाहेर आलं. विहीणबाई पाया पडायला पुढे झाल्या, तर पाय अजून गाडीत. त्या बिचाऱ्या भरजरी शालू सावरत आत शिरल्या. अक्षता मायने उजव्या हाताने टाकल्या. नेम चुकून निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडल्या.

त्याच श्रावणात मायला दुसरा झटका आला. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता आणि वॅगन वलगावला एका ओळखीच्या छपरीत उभी होती. डॉक्टर वलगावहून बंडीने पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मी वेळेवर पोहोचलो असतो तरी माझ्या हाती काही नव्हतं. ते घरात कोणाला पटलं नाही. "जीप असती तर" हे वाक्य त्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल, त्याची मला कल्पना आहे, कारण दिवाळीनंतर मुलं वॅगन परत घेऊन आली तेव्हा दुकानातही ते बोललं गेलंच. बाप शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "जीपीत बाज मावत नोयती." ते त्यांना स्वतःला तरी पुरं पटलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

वॅगन आम्हाला परत देऊन त्यांनी जीप घेतली. मुलगा स्टिअरिंगला बसला, शेजारची जागा बापासाठी ठेवली. पण हे सवयीने मागे गेले. मी बघत होतो. वीत टाकली नाही, काही विचारलंही नाही. मी म्हणालो, "काका, पुढे बसा, मागे धक्के लागतील."

"लागू दे, भाऊ. पावसात घरापोत येईन ना ही?"

"येईल."

"मंग बरं," म्हणाले आणि चढले. पुढे दोन वर्षांनी ती जीप दुरुस्तीला आली तेव्हा मुलाने डोकं भादरलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर काका जीप घेतली त्या दिवशीचेच आहेत. जीपच्या तळावर, मागच्या फळीला पाठ लावून ते बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, फळीवरून मान पार मागे टाकली, आणि जीप वलगावच्या दिशेने निघाली तेव्हा दुकान, टपरी आणि दारात उभा असलेला मी, सगळं उलटं होऊन मागे पडताना ते बघत होते.