मधल्या उंबऱ्यावर

ऑफिसात मी क्लाउडवरच्या नेटवर्कचे आराखडे काढते. बाहेरून आलेल्याने आतल्या माहितीच्या साठ्याशी थेट बोलायचं नाही. निरोप मधल्या सर्व्हरने न्यायचा, त्यानेच आणायचा. त्यात सुरक्षितता असते.

घरी बाबा झोपाळ्यावर, दादा आतल्या खोलीत. भांडल्यापासून दोघं बोलत नाहीत. "त्याला विचार, गॅसचा नंबर लावला का." दादाला ऐकू गेलेलंच असतं. तरी आई कणकेच्या हातांनी उठते, विचारते, आणि "लावलाय म्हणे" एवढं घेऊन परत येते. आज ती मधल्या उंबऱ्यावरच बसून राहिली होती.

मधल्या सर्व्हरवर भार वाढला, की मी त्याच्या शेजारी दुसरा उभा करते.

मी चपला काढल्या आणि म्हटलं, "दमले गं आई. चहा टाकतेस?"