नॉर्माचं ‘हो का?’

इंग्लंडमधल्या आमच्या फ्लीटवूड गावच्या बायका नॉर्मा एन्टविसलकडे केस कापायला म्हणून जात, पण खरं तर बोलायला जात. माझं लोकरीचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येई. कुणीही खुर्चीत बसलं की घरचं सांगायला सुरुवात. नॉर्माचं उत्तर दोन शब्दांचं, पण निवडायची काय नेमकं! सून आली म्हटलं की “आली का?”, आवाज वर. नवरा गेला म्हटलं की “गेले होय?”, आवाज खाली. सांगणारी सुखावून पुढचं सांगायची.

एकदा तिच्या खुर्चीत बसून मुद्दाम मी म्हटलं, “नॉर्मा, माझी मांजर ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली.”

“झाली का?” कात्री थांबलीसुद्धा नाही.

मग आरशात माझं तोंड पाहून तिची हसून हसून पुरेवाट झाली. “सगळ्यांचं खरंच ऐकत बसले तर वेड लागेल गं मला!”

त्या वसंतात तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कात्री खाली ठेवायला सांगितली. दूर कार्लाइल शहरात राहणाऱ्या बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं. ना नवरा, ना मूल. खुर्चीत बसणाऱ्या बायका हेच तिचं गणगोत.

“दारावर पाटी लाव,” मी म्हटलं.

“पाटी कशाला? तोंडानं सांगते. एकीनं जरी ‘का गं, काय झालं?’ विचारलं ना, तरी भरून पावले.”

शेवटचा आठवडा मी चहाचा कप घेऊन तिच्याकडेच बसून होते.

“शनिवारी दुकान बंद करतेय, एडना. हात चालत नाही आता,” नॉर्मानं खुर्चीतल्या बाईला सांगितलं.

“नाही का चालत? पुढून जरा जास्त काप हं, रविवारी बारसं आहे.”

दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसरी बाई. “मी कायमची चाललेय, मिसेस क्लेग.”

“चाललीस का? बरं बरं. पाणी फार गरम आहे गं.”

माझं डोकं तापत होतं. मी तोंड उघडलं की नॉर्मा आरशातूनच डोळे वटारायची. मी सांगून कुणी विचारलेलं तिला नको होतं.

शनिवारी शेवटची बाई डोक्याला रुमाल बांधून, “येते गं शुक्रवारी,” म्हणत निघून गेली. नॉर्मानं केर काढला, केस कुरळे करायची रिळं बिस्किटांच्या डब्यात भरली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली.

“त्यांची काय चूक?” ती म्हणाली. “मीच लावलेली सवय.”

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. ती ऐकत नसेल, पण निदान हात तरी चालवत होती त्यांच्यासाठी.

शुक्रवारी एडना बंद दार बडवून बडवून दमली आणि माझ्या दुकानात शिरली.

“कायमचं बंद म्हणे! इतकी वर्षं जातेय मी, एका शब्दानं सांगितलं नाही बाईनं! माणसाला काही माया असते की नाही?”

मी लोकर गुंडाळत होते. मान वर न करता म्हटलं, “हो का?”

एडनानं खुर्ची ओढली आणि ती सगळं पहिल्यापासून सांगू लागली.