दुपारी पेटणारी शेगडी

वादी : सौ. हिराबाई भोईर, राहणार टेमघर, भिवंडी. धंदा, लूम कामगारांची खानावळ.

प्रतिवादी : दोन बर्नरची गॅसची शेगडी, नवी. राहणार वादीच्याच स्वयंपाकघरात, ओट्यावर.

साक्षीदार : (१) रामलखन, लूम कामगार, सदर खानावळीचा मेंबर. (२) श्री. दळवी, गॅस एजन्सीचे मेकॅनिक. (३) श्रीमती जनाबाई भोईर, वादीची सासू. हिचा जबाब सर्वांत शेवटी झाला.

काळ : सत्तर सालानंतरचा. भिवंडीत गॅसचा बाटला तेव्हा नुकता दिसू लागला होता आणि ज्याच्या घरी तो येई त्याच्या दारात शेजारी बघायला जमत.

तक्रार : शेगडी सकाळी पेटत नाही. दुपारी पेटते.

हे शेवटचे वाक्य हिराबाईंनी माझ्या टेबलासमोर उभे राहून उच्चारले, तेव्हा मी पेनाला टोपण लावले. मी अर्जनवीस आहे. ज्यांना आपले गाऱ्हाणे साहेबाच्या भाषेत मांडता येत नाही, त्यांचे गाऱ्हाणे ऐकून ते कागदावर उभे करणे हा माझा व्यवसाय. कचेरीच्या आवारात चिंचेखाली माझे टेबल असे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु तालुक्यातील बीए झालेली मंडळीही अर्ज माझ्याकडूनच लिहवून घेत, ही गोष्ट येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही.

"बाई," मी म्हणालो, "वस्तू बिघडते ती बिघडते. सकाळी बिघडून दुपारी आपोआप दुरुस्त होणारी वस्तू माझ्या अनुभवात नाही."

"माझे पन न्हाय, भाऊसाहेब. पन माझे घरान हाय ना! सकाली काडीवर काडी लावतंय, पेटी संपते. वास येतो गॅसचा, पन पेटत न्हाय. दुपारी एजन्सीचा मानूस येतो, एक काडी लावतो, भक्! मना बोलतो, बाई, तुमाला दुपारपर्यंत झोप येते काय?"

प्रकरण हसण्यासारखे दिसत असले तरी त्यात हिराबाईंचे पोट गुंतलेले होते. लूमची रात्रपाळी सकाळी सुटते. सुटलेले कामगार थेट खानावळीत येतात, चहा-चपाती खातात आणि झोपायला जातात. ती वेळ चुकली की दुपारी तुम्ही सोन्याच्या ताटात वाढा, उपयोग नाही. गॅस आला म्हणून हिराबाईंनी जुनी मातीची चूल फोडून तिथे सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता. म्हणजे परतीचा रस्ता बंद. घरातल्या रॉकेलच्या एका स्टोव्हवर एवढ्या माणसांचा चहा होईपर्यंत अर्धे लोक झोपून जात. मेंबरांनी सोमवारपासून दुसरी खानावळ धरण्याची भाषा चालवली होती. दुसऱ्या बाजूने दळवींनी बजावले होते की आणखी एक खोटी कंप्लेंट आली तर ते मॅनेजरला सांगून बाटला उचलून नेतील. वेटिंग लिस्टमध्ये पुष्कळ गिऱ्हाईक आहे. आणि त्याच सकाळी हिराबाईंनी ती आणखी एक कंप्लेंट देऊन टाकली होती.

"उद्या दुपारी येतो तो, बाटला न्यायला," त्या म्हणाल्या. "तुमी असा अर्ज लिवा, का एजन्सीवाले हादरले पायजेत."

हादरवणारे अर्ज मला येतात. "सदर शेगडी मूळचीच सदोष असून" इथपर्यंत मसुदा मी तिथल्या तिथे लिहिलाही. पण पुढे "सकाळी पेटत नाही, दुपारी पेटते" हे वाक्य आले की अर्जाचा सगळा जोर ओसरे. जे वाक्य मला पटत नाही ते मी साहेबाला कसे पटवणार? सबब स्थळपाहणी करण्याचे मी ठरवले. स्थळपाहणी म्हणजे ज्या जागी घडले त्या जागी स्वतः जाऊन पाहणे. अर्जनवीस सहसा ती करत नाहीत. मी करतो.

त्याच संध्याकाळी मी टेमघरला गेलो. शेगडी ओट्यावर लखलखीत बसली होती. हिराबाईंनी काडी लावली. भक् करून निळी ज्योत आली. वादीने प्रतिवादीकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी कोर्टात, वाटणीच्या दाव्यात, भावाभावांमध्येच पाहिली आहे.

मी क्रमाने तपास केला. बाटल्यात गॅस दाबून भरलेला असतो. रेग्युलेटर त्याला बेताने सोडतो. रबरी नळीतून तो शेगडीत येतो, वाटेत हवा मिसळते आणि बर्नरच्या टोपीला जी बारीक भोके असतात त्यांतून बाहेर पडून पेटतो. सकाळी वास येतो, म्हणजे गॅस शेगडीपर्यंत पोहोचतो. सबब बाटला, रेग्युलेटर आणि नळी निर्दोष. राहिली शेगडी. ती तर माझ्यासमोर जळत होती.

"काडेपेटी दमट असेल," मी म्हणालो.

"मग स्टो कसा पेटतो त्याच काडीन?"

हा मुद्दा मी मनात नोंदवून पुढे गेलो. रात्रपाळीला निघालेला रामलखन जेवायला बसला होता. त्याचा जबाब घेतला.

"बाबूजी, हम का बताएँ," तो म्हणाला. "यह चूल्हा है कि सरकारी दफ्तर? बारह बजे के बाद ही काम करता है."

पंगतीत हशा झाला. हिराबाईंनी त्याच्या ताटात भाताचा डाव आपटला. "जास्त बोलला ना, तर उद्या दफ्तरानच जेव."

"काकी, सोमवार से कहीं और ही जेवेंगे. भूखे पेट नींद नहीं आती." तो हसत म्हणाला, पण बाकीचे हसले नाहीत.

कोपऱ्यात, पोत्यावर, हिराबाईंच्या सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळ्यांना विचारले, त्यांना विचारले नाही. म्हातारीचा आणि गॅसचा काय संबंध, असे मला वाटले. घरातल्या सर्वांनाच तसे वाटत होते.

मला आता कटाचा संशय येऊ लागला. दुसऱ्या खानावळीचा कोणी माणूस पहाटे येऊन शेगडीला काही करतो आहे, असे गृहीत धरून मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा टेमघरला गेलो. कागद, पेन आणि टाचण्यांची डबी घेऊन स्वयंपाकघरात एका पालथ्या टोपावर बसलो. नळाला पाणी आले होते, म्हणून हिराबाई हंडे घेऊन बाहेर गेल्या. घरात मी आणि प्रतिवादी दोघेच उरलो.

इतक्यात जनाबाई आल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडके. माझ्याकडे त्यांनी पाहिले न पाहिले.

"अर्जवाल्या, पाय वर घे."

मी पाय वर घेतले. त्यांनी जमीन सारवली. मग शेणमातीच्या पातळ काल्यात फडके बुडवून ओट्यावरून हात फिरवला. मग, माझ्या डोळ्यांदेखत, फडके पुन्हा बुडवून त्यांनी शेगडीवर पोतेरे फिरवले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी चूल नव्हती त्यांच्यासाठी सांगतो: सकाळी चूल पेटवण्याआधी तिला शेणमातीचा ओला हात देतात, त्याला पोतेरे म्हणतात. पोतेऱ्याशिवाय चूल पेटवणे म्हणजे आंघोळीशिवाय देवाला हात लावणे. जनाबाईंनी दोन्ही बर्नरच्या टोप्या चोळून घेतल्या, आणि जिथे जिथे भोके दिसली तिथे तिथे अंगठ्याने माती दाबून ती बुजवली.

"आजी!" मी टोपावरून उठलो. "हे काय करता?"

"दिसत न्हाय? पोतेरा करतंय. चुलीला भोका पडलीत. नवीच हाय, पन कामाची न्हाय. रोज बुजवतंय, रोज पडतान."

"रोज?"

"आली तवापासून. पेटत न्हाय बोलतान, म्हनून काल जास्तच फिरवला. तरी पन पेटत न्हाय, मेली."

"तुम्ही हे कोणाला सांगितले का नाही?"

"मना कोन इचारला?" त्या म्हणाल्या आणि बादली उचलली.

हिराबाई हंडा घेऊन दारात उभ्या होत्या. हंडा खाली ठेवायचेही त्यांना सुचले नाही.

"आये! ता तुमी करता? मना वाटला डाल उतू जाते न् सुकते. मी रोज घासतंय ती!"

सर्व उलगडा झाला. पहाटे सून पाण्याला गेली की सासू शेगडी लिंपी. सून अंधारात काड्या ओढून दमे, स्टोव्हवर चहा टाके आणि उजेड झाल्यावर बर्नरवरचा थर पाही. खानावळीत डाळ रोजच उतू जाते, म्हणून तिला तो डाळीचा वाटे. एजन्सीचा माणूस केव्हाही येईल, त्याच्यासमोर घाण नको, म्हणून ती रोज बर्नर काढून बंबातल्या राखेने लख्ख घासून, उन्हात वाळवून ठेवी. दुपारी दळवी येत, काडी लावत, भक्! सासूने स्वच्छतेसाठी बिघडवलेली शेगडी सून स्वच्छतेसाठीच दुरुस्त करत होती आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता.

उलगडा झाला तरी चहा व्हायचाच होता. रात्रपाळी सुटायला आली होती. बर्नर काढले, पाण्यात बुचकळले, पण ओली माती भोकांतून निघेना. तेव्हा माझी टाचण्यांची डबी उपयोगी आली. अर्जाला पुरावा जोडण्याच्या त्या टाचण्यांनी आम्ही तिघे जमिनीवर बसून भोक न् भोक कोरू लागलो.

"आये, त्या बाजूची ऱ्हायली," हिराबाई म्हणाल्या.

"मीच बुजवली, मना ठाव हाय कुठं ऱ्हायली ती," जनाबाई म्हणाल्या.

फडक्याने पुसून, स्टोव्हच्या आचेवर धरून बर्नर सुकवले, जागी बसवले. गल्लीत रामलखनचा आवाज आला, "काकी, दफ्तर खुला कि नहीं?" आणि त्याच क्षणी काडी लागली. भक्!

रामलखन दारातच थांबला. "अरे! आज तो साहब टाइम पर आए हैं."

त्या दिवशी सगळ्या मेंबरांना चहा गरम मिळाला, आणि मलाही.

दुपारी दळवी हातगाडीवाला घेऊनच आले. "बाटला काढा बाहेर. तुमची तिसरी कंप्लेंट."

"आधी जबाब होईल," मी म्हणालो.

"आपण कोण? वकील?"

"वकील ज्याच्याकडून अर्ज लिहून घेतात तो."

मी त्यांना शेगडीबरोबर आलेले माहितीपुस्तक दाखवले. त्यात उंच टाचेचे बूट घातलेल्या एका बाईचे चित्र होते आणि काय करू नये याची लांबलचक यादी होती. "दळवीसाहेब, यात शेगडी सारवू नये असे कुठे लिहिले आहे, ते दाखवा."

दळवींनी पाने पुढून चाळली, मागून चाळली. "अहो, असं कोण लिहील? आणि गॅसची शेगडी सारवणार कोण?"

"मी," जनाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

दळवींनी म्हातारीकडे पाहिले, शेगडीकडे पाहिले, माझ्या टाचण्यांच्या मातकट डबीकडे पाहिले आणि मग ते ओट्याला टेकून असे हसले की हातगाडीवाला काय झाले म्हणून आत डोकावला. हसणे संपल्यावर त्यांनी आपल्या कागदावर लिहिले : बर्नर चोक. क्लीन केला. कस्टमर ओके. बाटला जागीच राहिला.

"पण आजी," जाताना ते म्हणाले, "ह्याला पाणी, माती काही लावायचं नाही. काही म्हणजे काहीच करायचं नाही सकाळी. नुसती काडी लावायची."

"मंग सकाली मी करू काय?" जनाबाईंनी विचारले.

दळवींनी हातगाडीवाल्याला निघायची खूण केली. हिराबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मी आयुष्यभर गाऱ्हाणी ऐकली आहेत. खरे गाऱ्हाणे कोणते हे मला आवाजावरून कळते. या प्रकरणातील खरी वादी ही म्हातारीच होती. ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून तिने हात दिल्याशिवाय त्या घरात अन्न शिजले नव्हते, आणि आता शेगडी म्हणत होती की तुझी गरज नाही.

एजन्सीविरुद्धचा मसुदा मी फाडला आणि दुसऱ्या कागदावर तडजोडीच्या अटी लिहून मोठ्याने वाचल्या. जमीन आणि ओटा यांवर जनाबाईंचा पूर्ण हक्क राहील. शेगडीला माती लागणार नाही. तिच्या पुढच्या पायाला हळदीकुंकवाचे एक बोट लावण्यात येईल. आणि रोज सकाळची पहिली काडी जनाबाईच ओढतील, त्यांच्याआधी कोणीही नाही.

"कबूल?" मी विचारले.

हिराबाईंनी मान हलवली. जनाबाईंनी विचार केला.

"न् मी आजारी पडले तर?"

"तर तुमी खाटंवरनं हुकूम द्या, आये. मंगच ओढीन," हिराबाई म्हणाल्या.

म्हातारीने अंगठा पुढे केला. त्याच्या रेघांत अजून माती होती. शाईची गरज पडली नाही.

खानावळ पुढे जोरात चालली. मीही या प्रकरणातून एक गोष्ट उचलली. त्यानंतर कोणाच्याही घरचा अर्ज लिहिताना मी कोपऱ्यात बसलेल्या माणसाचा जबाब आधी घेत असे.

एवढे झाल्यावर मी शेगडी बनवणाऱ्या कारखान्यास रीतसर अर्ज पाठवला. तो असा : "आपल्या माहितीपुस्तकात एक वाक्य वाढवावे, ते हे की 'या शेगडीस पोतेरे करू नये.' तसेच घरातील ज्या स्त्रीने आजवर चूल सांभाळली तिने सकाळी करावयाचे एखादे काम त्यात नेमून द्यावे. नसल्यास पहिली काडी तिच्या हाती द्यावी, असे छापावे." अर्ज पोहोचल्याची पावती माझ्याकडे आहे. उत्तर नाही. पुस्तकाच्या नव्या प्रती मी अधूनमधून लोकांच्या घरी उघडून पाहतो. बाईचे बूट बदलले, वाक्य आलेले नाही.

तरी सदर मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या कारखान्यात अधिकारपदावर असल्यास अर्जाचा विचार व्हावा, आणि होकार असो वा नकार, दोन ओळींचे उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर जनाबाईंच्या नावे पाठवावे. मी त्यांना वाचून दाखवीन.